लॅपटॉप दुसऱ्याच्या हाती जातो तेव्हा

एक बारीक स्क्रू ड्रायव्हर, काही शे रुपयांत मिळणारी एसएसडीची, म्हणजे फायली साठवणाऱ्या डिस्कची, यूएसबी केस आणि दुसरा कुठलाही चालू लॅपटॉप. तुमचा विंडोजचा पासवर्ड कितीही अवघड असला तरी बऱ्याच लॅपटॉपवर त्याला वळसा घालायला एवढं सामान पुरतं. लॅपटॉप पालथा घालायचा, मागचं झाकण काढायचं, एका स्क्रूवर बसवलेली बोटभर लांबीची एसएसडी सोडवायची, केसमध्ये घालायची आणि दुसऱ्या लॅपटॉपला जोडायची. 'या फोल्डरमध्ये जायची तुम्हाला परवानगी नाही' अशा अर्थाची एक चौकट येते, पण तिच्यातच 'कंटिन्यू' हे बटण असतं. ते दाबलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, व्हॉट्सॲपवरून उतरवलेले फोटो, सगळं समोर. ज्याला झाकणही काढायचं नाही, तो लिनक्स भरलेला पेन ड्राइव्ह लावून मशीन त्यावरून सुरू करतो आणि त्याच फायलींपर्यंत पोचतो. बंद पडलेल्या लॅपटॉपमधला डेटा ग्राहकाला काढून देणारा दुरुस्तीवाला रोज हेच करतो आणि ते त्याचं रास्त काम आहे.

लॉगिनचा पासवर्ड हा दारात बसवलेला राखणदार आहे. मागची भिंतच नसेल तर तो कुणाला अडवणार? आपल्यातल्या अनेकांच्या फायली अशाच बिनभिंतीच्या घरात पडून आहेत. आणि ही भिंत बांधायला खर्च जवळजवळ शून्य आहे. म्हणून हा लेख, विशेषतः पिपरी मेघे परिसरातल्या वाचकांसाठी.

पिपरी मेघे वर्ध्याला इतकं लागून आहे की शहर कुठे संपतं ते नव्या माणसाला कळत नाही. हाकेच्या अंतरावर सावंगी मेघेचं मेडिकल कॉलेज आणि इस्पितळ, पलीकडे सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, टेकडीवर हिंदी विद्यापीठ. त्यामुळे या पट्ट्यातल्या घरांत आणि भाड्याच्या खोल्यांत असलेल्या लॅपटॉपमध्ये नुसते सिनेमे नसतात. निवासी डॉक्टरच्या प्रबंधाचा डेटा असतो, रुग्णांचे फोटो असतात. करसल्लागाराकडे शेकडो लोकांचे पॅन आणि आधार, वकिलाकडे पक्षकारांची कागदपत्रं, शिक्षिकेकडे पुढच्या आठवड्याची प्रश्नपत्रिका, बचत गटाच्या ताईंकडे कर्जाचे हिशेब. यातलं बरंचसं आपलं स्वतःचं नाहीच. दुसऱ्याने विश्वासाने दिलेलं आहे. मला या विषयाची कळकळ वाटते ती त्यामुळेच: फाईल माझ्या लॅपटॉपमधून जाते आणि भोगतं दुसरंच कुणी.

संगणकाची सुरक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे परदेशातून घुसणारा हॅकर येतो. तोही आहेच. पण लॅपटॉप प्रत्यक्ष ज्यांच्या हाती पडतो ती माणसं जवळची असतात. खोलीतला जोडीदार, दुरुस्तीचं दुकान, ऑफिसातला सहकारी, सेकंड हँड मशीन विकत घेणारा, रेल्वेच्या डब्यातला चोर. ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्याच्या आरोग्य विभागाच्या गट ड पदांच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका फुटली, तेव्हा पुणे सायबर पोलिसांनी अटक केलेल्यांत त्याच विभागातले अधिकारी होते. हाँगकाँगचा अभिनेता एडिसन चेन याने लॅपटॉप दुरुस्तीला दिला होता. त्यातले खासगी फोटो तंत्रज्ञाने कॉपी केले, २००८ मध्ये ते जगभर पसरले आणि त्या फोटोंतल्या स्त्रियांना त्याचा जाच वर्षानुवर्षं सोसावा लागला. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच तपासून पाहिलं. आवाज बंद पडल्याची साधी तक्रार सांगून त्यांनी १६ ठिकाणी लॅपटॉप दुरुस्तीला दिले. आत प्रत्येक हालचालीची गुपचूप नोंद होत होती. सहा ठिकाणी तंत्रज्ञांनी खासगी फायली उघडून चाळल्या होत्या, दोन ठिकाणी कॉपीही करून घेतल्या होत्या. सगळे दुरुस्तीवाले असे असतात असं यातून निघत नाही. पण आपला दुरुस्तीवाला कसा आहे, हे आपल्याला बाहेरून कळत नाही, एवढं नक्की निघतं.

यावर खरा इलाज एकच, एन्क्रिप्शन. डिस्कवर जे लिहिलं जातं ते गणिती पद्धतीने असं उलटंपालटं करून लिहिलं जातं की किल्लीशिवाय त्याचा अर्थच लागू नये. मग एसएसडी काढून दुसरीकडे जोडली तरी विंडोज फक्त किल्ली मागतं; आतलं एक अक्षरही दिसत नाही. फोल्डर 'हिडन' करणं, फाईलचं नाव बदलून 'सिस्टिम३२ जुनं' असं काहीतरी ठेवणं, फोल्डरच्या पोटात फोल्डर लपवणं, याने चार वर्षांच्या मुलापासून संरक्षण होतं, त्याहून मोठ्यापासून नाही. बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरला, पासवर्ड घालणं चांगलं आहे, जरूर घाला. पण बऱ्याच डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल किंवा जंपर काढून तो पासवर्ड पुसता येतो, आणि डिस्क काढून नेणाऱ्याला तर बायोसशी देणंघेणंच नाही.

विंडोजमध्ये ही सोय आहे, तिचं नाव बिटलॉकर. प्रो आवृत्तीत ते पूर्ण स्वरूपात मिळतं. घरगुती लॅपटॉपमध्ये बहुधा होम आवृत्ती असते. तिथे तेच तंत्र 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' या नावाने असतं, मात्र लॅपटॉपच्या हार्डवेअरमध्ये त्याची तयारी हवी. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये जा आणि 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' दिसतंय का, ते चालू आहे का, पाहा. गेल्या काही वर्षांत घेतलेल्या लॅपटॉपमध्ये ते आधीच चालू असण्याची बरीच शक्यता आहे; २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर नव्याने विंडोज टाकताना ते आपोआप सुरू होतं. सुरू करण्याआधी महत्त्वाच्या फायलींची एक प्रत बाहेर काढून ठेवा. मधेच वीज गेली तरी बिटलॉकर पुन्हा तिथूनच पुढे चालू लागतं, पण आपल्याकडच्या विजेचा अनुभव पाहता लॅपटॉप चार्जरला लावून आणि बॅटरी भरलेली असतानाच हे काम काढावं. ॲपलच्या मशीनमध्ये याला फाईलव्हॉल्ट म्हणतात, तेही सेटिंग्जमधून एका बटणावर सुरू होतं. उबुंटू किंवा दुसरं लिनक्स वापरत असाल तर बसवतानाच डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा पर्याय निवडा. नंतर करायचं म्हटलं तर फार त्रास पडतो.

आता ज्या मुद्द्यावर आपल्याकडे सर्वांत जास्त घोळ होतो तो मुद्दा. बिटलॉकर चालू होतं तेव्हा एक रिकव्हरी की तयार होते. सहा-सहा अंकांचे आठ गट, म्हणजे ४८ अंक. रोज ती लागत नाही. पण बायोस अपडेट झालं, मदरबोर्ड बदलला, डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की निळ्या पडद्यावर ती मागितली जाते आणि नसेल तर डेटा कायमचा गेला. मायक्रोसॉफ्टही तो परत देऊ शकत नाही. डिव्हाइस एन्क्रिप्शनमध्ये ही की मायक्रोसॉफ्टच्या ज्या खात्याने लॅपटॉप सुरू केला, त्या खात्यात आपोआप जमा होते. इथे एक प्रश्न स्वतःला विचारा: दुकानात लॅपटॉप घेतला तेव्हा तो कुणाच्या ईमेलवर सुरू झाला होता? ग्राहकाला ईमेलचा पासवर्ड आठवत नाही, गर्दी असते, मग दुकानातला मुलगा आपलंच एखादं खातं टाकून मशीन चालू करून देतो. त्याचा हेतू वाईट नसतो. पण तसं झालं असेल तर तुमच्या डिस्कची किल्ली त्या दुकानाच्या खात्यात जाऊन बसलेली असू शकते, आणि तुमच्याकडे मात्र ती नसते.

म्हणून आजच सेटिंग्जमधल्या 'अकाउंट्स'मध्ये जाऊन कोणता ईमेल दिसतो ते बघा. अनोळखी असेल तर स्वतःचं खातं जोडा आणि स्वतःच्या फायली त्यावर घ्या. ते जुनं खातं काढा. मग एन्क्रिप्शन एकदा बंद करून डिस्क पूर्ण उलगडू द्या आणि पुन्हा चालू करा, म्हणजे नवी की तयार होईल आणि जुनी कुचकामी ठरेल. याच्या उलटही एक प्रकार आढळतो. लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय, नुसत्या स्थानिक नावाने सुरू केलेला असतो. डिस्क एन्क्रिप्ट झालेली दिसते, पण किल्ली डिस्कवरच उघडी ठेवलेली असते, कारण ती जमा करायला खातंच नाही. 'धिस पीसी' उघडलं की सी ड्राइव्हच्या चित्रावर कुलपासोबत पिवळं उद्गारचिन्ह दिसतं ते यासाठी. त्याचा अर्थ संरक्षण अजून सुरू झालेलं नाही.

की हाती आली की ती कागदावर लिहा. हो, कागदावर, निळ्या शाईच्या पेनने, गटागटाने, आणि लिहून झाल्यावर पडद्याशी एकदा ताडून पाहा. सोबत 'की आयडी'ची पहिली आठ अक्षरंही लिहा. घरात दोन लॅपटॉप असले की कोणती की कुणाची हा प्रश्न हमखास येतो. हा कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवायचा नाही. घराचे कागद, सातबारा, विम्याच्या पॉलिसी जिथे असतात तिथे ठेवा आणि घरातल्या एका भरवशाच्या माणसाला तो कशाचा आहे ते सांगून ठेवा. घरातला कर्ता माणूस अचानक जातो आणि त्याच्या एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कमध्ये गुंतवणुकीचे, जमिनीच्या व्यवहारांचे कागद अडकून पडतात, ही पाळी कुणावर येऊ नये.

डिस्क एन्क्रिप्ट झाली की लॉगिनचा पासवर्ड निरुपयोगी होतो असं मात्र समजू नका. उलट त्याला आता खरा अर्थ येतो. साध्या बिटलॉकरमध्ये मशीन चालू करताच किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम चिपमधून आपोआप मिळते आणि लॉगिनचा पडदा येतो. तिथून पुढे तुमचा पासवर्डच आडवा असतो. तो '१२३४' असेल किंवा पडद्याच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर असेल, तर सगळी मेहनत पाण्यात. मुलाचं नाव आणि जन्मसाल, गाडीचा नंबर, देवाचं नाव आणि मोबाईलचे शेवटचे चार अंक, हे जवळच्या माणसाला पहिल्या पाच-दहा प्रयत्नांत सुचतं, आणि इथे आपला धोका जवळचाच माणूस आहे. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द घ्या, रोमन अक्षरांत लिहा, मधे एखादा अंक घाला. पोहरा, तिकीट, जांभूळ, इस्त्री असे. लांब पासवर्ड लक्षात राहतो, तोडायला जड जातो. देवनागरीत पासवर्ड ठेवण्याचा मोह टाळा. विंडोज सुरू होण्याआधी पासवर्ड मागणाऱ्या पडद्यावर मराठी कळफलक मिळत नाही.

उठून जाताना विंडोजचं बटण आणि एल एकत्र दाबायची सवय लावून घ्या. चहाला जाताना, दारावरची बेल वाजली तर, प्रत्येक वेळी. चालू आणि उघडा लॅपटॉप एन्क्रिप्शनने झाकला जात नाही, कारण किल्ली त्या वेळी मेमरीत असते. २००८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की वीज तोडल्यावरही मेमरीतला मजकूर काही सेकंद टिकतो आणि ती थंड केली तर त्याहून जास्त. तेवढ्यात किल्ली काढून घेता येते. पिपरी मेघेत तुमच्या लॅपटॉपची मेमरी थंड करायला कुणी येणार नाही, पण यातून निघणारी सवय सोपी आहे. प्रवासात लॅपटॉप नुसता मिटून 'स्लीप'मध्ये ठेवू नका, 'शट डाउन' करा. वकील, पत्रकार किंवा अत्याचाराच्या प्रकरणांत काम करणारे कार्यकर्ते असाल तर प्रो आवृत्ती घ्या आणि मशीन सुरू होतानाच पिन मागितला जाईल अशी सोय करून घ्या. टीपीएम आणि प्रोसेसर यांच्यातल्या तारांवरून किल्ली पकडण्याचे प्रयोग काही जुन्या लॅपटॉपवर स्वस्त उपकरणांनी यशस्वी झाले आहेत. पिन असला की तो रस्ता बंद होतो.

जुना डेस्कटॉप, विंडोज १०, मशीन डिव्हाइस एन्क्रिप्शन दाखवतच नाही, अशी स्थिती अनेक लहान ऑफिसांत आहे. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर नेहमीची सुरक्षा दुरुस्ती मिळणं थांबलं आहे, तेव्हा मशीन बदलायचा विचार कराच. तोवर व्हेराक्रिप्ट हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. ते डिस्कवर ठरलेल्या आकाराची एक मोठी फाईल बनवतं. पासवर्ड दिला की ती वेगळ्या ड्राइव्हसारखी उघडते, काम संपवून 'अनमाउंट' केलं की पुन्हा बंद. ग्राहकांची सगळी कागदपत्रं त्यातच ठेवायची असा ऑफिसचा नियम करा. एखादीच फाईल पेन ड्राइव्हवर न्यायची असेल तर सेव्हन-झिपमध्ये पासवर्ड घालून बांधा आणि 'एन्क्रिप्ट फाईल नेम्स' या चौकटीत खूण करा. नाहीतर आतला मजकूर झाकला जातो, पण फायलींची नावं दिसत राहतात, आणि अनेकदा नावातच सगळं असतं.

एक्सेलबद्दल एक गैरसमज सर्रास आहे. 'प्रोटेक्ट शीट' म्हणजे सुरक्षा नव्हे. ते चुकून आकडे बदलू नयेत यासाठी आहे, जाणत्याला काढायला काही मिनिटं लागतात. फाईल मेनूतल्या 'इन्फो'मधून 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड' केलं तर मात्र ती खरी एन्क्रिप्ट होते. पासवर्ड विसरलात तर तीही गेली. टॅली वापरणाऱ्यांसाठी टॅलीव्हॉल्ट आहे, त्याने कंपनीचा डेटाच एन्क्रिप्ट होतो आणि कंपन्यांच्या यादीत नावही उघड दिसत नाही. तो पासवर्ड मालकाकडे लेखी असलाच पाहिजे, अकाउंटंट सोडून गेला की तो विचारायला कुणी उरत नाही.

आणि ई-आधारची पीडीएफ? तिला पासवर्ड असतो, म्हणून ती सुरक्षित आहे असं बरेच जण धरून चालतात. नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मसाल हे सूत्र देशभर सर्वांना ठाऊक आहे, आणि फाईलच्या नावात किंवा शेजारच्या पॅन कार्डच्या फोटोत दोन्ही लिहिलेलं असतं. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला दिलेली ही पीडीएफ त्या दुकानाच्या डाउनलोड्समध्ये महिनोन्महिने पडून राहते. शक्य तिथे मास्क केलेलं आधार द्या, ज्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात. प्रिंट झाली की स्वतःसमोर फाईल डिलीट करवून घ्या आणि रिसायकल बिनही रिकामं करायला सांगा. दुकानाच्या मशीनवर स्वतःचं व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल तर फोनवरून 'लिंक्ड डिव्हाइसेस' बघून ते बंद करा. दुकानदाराला याचा राग येत नाही. मीही दर वेळी सांगते आणि आता इथले दुकानवाले न सांगता करतात.

सेवाग्राम आणि सावंगीच्या निवासी डॉक्टरांना स्वतंत्रपणे सांगायला हवं. रुग्णाची माहिती ही नुसती प्रबंधाची सामग्री नाही. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७ च्या कलम ११ प्रमाणे एचआयव्हीबाधित व्यक्तींच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेवर त्या सुरक्षित राखण्याची जबाबदारी आहे. गर्भपात कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीने स्त्रीचं नाव आणि तपशील उघड करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद केली. या कलमांची भीती वाटावी म्हणून हे लिहीत नाही. त्या रुग्ण बाईला गावी परत जाऊन तिथेच राहायचं आहे, म्हणून लिहिते. प्रबंधाच्या एक्सेलमध्ये नाव, गाव, फोन, नोंदणी क्रमांक यांतलं काहीच ठेवू नका. प्रत्येक रुग्णाला एक सांकेतिक क्रमांक द्या आणि क्रमांक कुणाचा याची यादी वेगळ्या एन्क्रिप्ट केलेल्या फाईलमध्ये, शक्यतो विभागातल्या मशीनवर ठेवा. मग लॅपटॉप गेला तरी कुणाचं नाव जात नाही. फोनवर काढलेल्या जखमांच्या आणि त्वचेच्या फोटोंचंही तेच. ते गॅलरीत राहतात, गुगल फोटोजला चढतात, घरच्या टीव्हीवर लग्नाचे फोटो दाखवताना मधेच येतात.

बॅकअप हा विसरलेला कोपरा आहे. लॅपटॉप एन्क्रिप्ट केला आणि त्याच फायलींची उघडी प्रत असलेली हार्ड डिस्क टेबलाच्या खणात ठेवली, तर चोराचं काम सोपंच झालं. विंडोज प्रोमध्ये 'बिटलॉकर टू गो' आहे, त्याने बाहेरची डिस्क आणि पेन ड्राइव्ह एन्क्रिप्ट होतात आणि होम आवृत्तीतही पासवर्ड देऊन उघडतात. नाहीतर व्हेराक्रिप्ट आहेच.

ऑफिसच्या डेस्कटॉपला एक वेगळा धोका असतो, तो पाठीमागे दडलेला असतो. कीबोर्डची वायर आणि सीपीयू यांच्या मधोमध बसणारं, पेन ड्राइव्हच्या अर्ध्या लांबीचं उपकरण मिळतं. ते प्रत्येक दाबलेली कळ साठवून ठेवतं, अँटिव्हायरसला दिसत नाही, आणि पासवर्ड एन्क्रिप्शनचा असला तरी तो नोंदला जातोच. आठवड्यातून एकदा खाली वाकून सीपीयूच्या मागे बघा. कीबोर्डची वायर थेट पोर्टमध्ये गेली पाहिजे, मधे काही नको. एकच पासवर्ड सगळ्यांनी वापरायचा ही पद्धतही बंद करा. प्रत्येकाचं वेगळं खातं असेल तर कुणी काय उघडलं याचा निदान माग राहतो आणि नोकरी सोडणाऱ्याचं खातं त्याच संध्याकाळी बंद करता येतं. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. या नियमांत सुरक्षेच्या उपायांमध्ये एन्क्रिप्शनचा नावाने उल्लेख आहे, आणि कायद्यात सुरक्षा न राखल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची कमाल मर्यादा आहे. जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. लहान ऑफिसांनी आत्ताच सवय लावली तर पुढे धावपळ होणार नाही.

दुरुस्तीला देताना. पडदा, कीबोर्ड, बिजागरी, बॅटरी, चार्जिंगचं पोर्ट, यांतल्या कशालाही तुमचा पासवर्ड लागत नाही. मागितला तर नम्रपणे नाही म्हणा. डेस्कटॉप असेल तर डिस्क काढून घरी ठेवा, केबल सोडवायला दोन मिनिटं पुरतात. विंडोजमध्येच बिघाड असेल तर दुरुस्तीसाठी एक वेगळं साधं खातं बनवून द्या, किंवा समोर बसून काम करवून घ्या. मदरबोर्ड बदलायचा असेल तर जाण्याआधी रिकव्हरी की घरी आहे याची खात्री करा. फोनचंही असंच: सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये 'मेंटेनन्स मोड' आणि गुगलच्या पिक्सेलमध्ये 'रिपेअर मोड' आहे, तो लावला की तंत्रज्ञाला फोन तपासता येतो, पण तुमचे फोटो आणि संदेश दिसत नाहीत. दुकानं चांगली आहेत, ओळखीची आहेत, हे मान्य. पासवर्ड न देण्यात अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही, उलट उद्या काही बाहेर आलं तर दुकानातल्या मुलावर बालंट येत नाही.

जुनी मशीन विकताना 'क्विक फॉरमॅट' केलं म्हणजे पुसलं, ही समजूत महागात पडते. त्याने फक्त यादी जाते, मजकूर तसाच राहतो. अमेरिकेत एमआयटीच्या दोन संशोधकांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या होत्या. चालणाऱ्या १२९ पैकी फक्त १२ नीट पुसलेल्या निघाल्या. त्यांचा लेख २००३ चा आहे, तरी डिस्क आजही तशाच विकल्या जातात. विंडोजमध्ये 'रीसेट धिस पीसी' करताना 'रिमूव्ह एव्हरीथिंग' आणि पुढे 'क्लीन डेटा' हे दोन्ही निवडा. वेळ लागतो, लागू द्या. डिस्क पहिल्यापासून एन्क्रिप्ट असेल तर काळजी आणखी कमी. बंद पडलेली डिस्क भंगारात देऊ नका. ती काढून घ्या, मोडा आणि तुकडे नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्या.

एक गोष्ट लिहिणं अवघड आहे, पण टाळता येत नाही. काही घरांत धोका घरातच असतो. नवरा किंवा सासरचे बाईचा फोन, लॅपटॉप तपासतात आणि तिने जपून ठेवलेले मारहाणीचे फोटो, धमकीचे संदेश, पगाराच्या नोंदी शोधून पुसतात. अशा वेळी घाईने पासवर्ड बदलणं कधी कधी उलटतं, संशय वाढतो. आधी प्रत बाहेर काढावी. माहेरच्या किंवा विश्वासातल्या मैत्रिणीच्या मशीनवर, किंवा ज्या ईमेलची घरात कुणाला माहिती नाही अशा खात्यात. ते खातं घरच्या फोनवर उघडायचं नाही. बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने उघडणारं कुलूप बंद करून पिन ठेवावा, कारण झोपलेल्या माणसाचं बोट कुणीही लावू शकतं. महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१ आहे.

आणि लॅपटॉप चोरीला गेलाच तर. वर्धा आणि सेवाग्राम या दोन्ही स्टेशनांवरून लांबच्या गाड्या जातात, रात्रीच्या प्रवासात बॅगा जातात. पहिलं काम दुसऱ्या मशीनवरून ईमेलचा पासवर्ड बदलण्याचं, त्याच्याच आधाराने बाकीची खाती उघडतात. मग गुगल आणि मायक्रोसॉफ्ट खात्यांतून त्या लॅपटॉपला साइन आउट करा, 'फाइंड माय डिव्हाइस' चालू असेल तर लॉक करा. ब्राउझरमध्ये बँकेचे पासवर्ड साठवले असतील तर तेही बदला. पैशाचा व्यवहार झालेला दिसला तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. गाडीत चोरी झाली तर रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर कळवा आणि रेल्वे पोलिसांकडे गुन्हा नोंदवा. हद्द कुणाची या वादात न पडता शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून घेण्याचा आग्रह धरता येतो. नुसती 'हरवल्याची नोंद' नको, चोरी असेल तर चोरीच लिहवून घ्या. परवानगीशिवाय तुमच्या मशीनमधून डेटा कॉपी करणं हाही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली येणारा विषय आहे, बेइमानीने केलं असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ग्राहकांची किंवा रुग्णांची माहिती त्यात असेल तर त्यांनाही कळवा, उशीर करू नका. डिस्क एन्क्रिप्ट होती असं सांगता आलं तर तो फोन करणं पुष्कळ सोपं जातं. तक्रारीत लॅपटॉपचा सिरियल नंबर लागतो. तो मशीनच्या पोटाखाली बारीक अक्षरांत छापलेला असतो. त्याचा आणि बिलाचा फोटो काढून दुसऱ्या एखाद्या ठिकाणी, रिकव्हरी कीच्या कागदाशेजारी ठेवा.